प्लुरसीचं कोडिंग: आर०९.१ लावण्याआधी केसपेपरमध्ये काय शोधायचं?

केसपेपरवर डॉक्टरांनी ‘प्लुरसी’ (फुप्फुसाच्या आवरणाची सूज) लिहिलंय, निदानाला ठरावीक कोड लावणाऱ्या कोडरने आयसीडी या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीचा इंडेक्स उघडला, शब्द सापडला, आर०९.१ लावला, काम संपलं. अशी प्रकरणं रोज होतात आणि त्यातली बरीच पुढे ऑडिटमध्ये अडकतात. या कोडमध्ये चूक नसते, तो जे सांगतो त्याच्याकडे मात्र कुणी पाहिलेलं नसतं. आर०९.१ हा श्वसनविकारांच्या प्रकरणातला कोड नाही. तो १८ व्या प्रकरणात, म्हणजे लक्षणं, चिन्हं आणि इतरत्र न बसणाऱ्या निष्कर्षांच्या प्रकरणात आहे. तो लावला की कागदावर एवढंच म्हटलं जातं: फुप्फुसाच्या आवरणाला सूज आहे, पाणी नाही आणि कारण अजून ठरलेलं नाही. रुग्णाच्या नोंदी खरोखर तेवढंच सांगत असतील तर कोड बरोबर. त्या जास्त काही सांगत असतील, तर हाच कोड अर्धवट ठरतो.

आयसीडी-९-सीएमवर शिकलेल्या मंडळींचा इथे हमखास गोंधळ होतो. तिथे प्लुरसीचा कोड ५११.० होता आणि तो श्वसनसंस्थेच्या प्रकरणात होता. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम लागू झालं आणि साधी प्लुरसी लक्षणांच्या प्रकरणात गेली. हात जुन्या सवयीने ‘जे’च्या, म्हणजे श्वसनविकारांच्या पानांकडे जातो. तिथे पाण्यासकटची प्लुरसी सापडते आणि चुकीचा कोड लागतो.

या लेखात कोड देवनागरीत लिहिले आहेत. सुरुवातीचं अक्षर म्हणजे त्या रोमन अक्षराचा उच्चार: आर, जे, ए, एम वगैरे.

आधी आवृत्ती ठरवा

तुम्ही कुठली आवृत्ती वापरता, हे आधी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आयसीडी-१० आणि अमेरिकेची आयसीडी-१०-सीएम या दोन्हींत आर०९.१ आणि जे९० आहेत, त्यामुळे दोन्ही सारख्याच वाटतात. तशा त्या नाहीत. क्षयाच्या प्लुरसीत फरक लगेच दिसतो. मूळ आवृत्तीत जंतुपरीक्षणाने किंवा ऊतिपरीक्षणाने सिद्ध झालेल्या क्षयी प्लुरसीला ए१५.६, आणि तशा पुष्टीचा उल्लेख नसेल तर ए१६.५. सीएममध्ये ए१६ हा गटच नाही, सगळं ए१५.६ मध्ये जातं. सीएमची पुस्तकं दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतात, शिवाय १ एप्रिललाही भर पडू शकते. कोड निवडताना डिस्चार्जच्या किंवा भेटीच्या तारखेला लागू असलेली आवृत्ती धरायची, कोडिंग करतो त्या दिवसाची नाही.

खाली मुख्यतः सीएमचे नियम धरले आहेत. परदेशी रुग्णालयांसाठी काम करणाऱ्या कोडरांना तेच लागतात.

पुस्तक नंतर, केसपेपर आधी

फुप्फुसाला दोन पदरी आवरण असतं. आतला पदर फुप्फुसाला चिकटलेला असतो आणि त्याला वेदनेची जाणीव नसते. बाहेरचा पदर छातीच्या भिंतीला आतून लागून असतो, त्याला बरगड्यांमधल्या नसा जातात, म्हणून तो दुखतो. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या मध्यभागावरच्या पदराची जाणीव फ्रेनिक नसेतून जाते. त्यामुळे तिथली सूज खांद्यात दुखते आणि केसपेपरवर कधीकधी पहिली तक्रार ‘खांदेदुखी’ अशीच येते. दोन सुजलेले पदर एकमेकांवर घासले की स्टेथोस्कोपमध्ये घर्षणाचा आवाज येतो.

एवढी शरीररचना कोडरला का हवी? कारण दोन पदरांमध्ये पाणी साचू लागलं की ते एकमेकांपासून दूर होतात, घासणं थांबतं आणि दुखणंही बऱ्याचदा कमी होतं. रुग्णाला बरं वाटतं, डॉक्टर लिहितात ‘वेदना कमी, घर्षणध्वनी नाही’, आणि त्याच दिवशीच्या एक्स-रेमध्ये पाणी दिसतं. पहिल्या दिवशीची कोरडी प्लुरसी तिसऱ्या दिवशी पाण्याची झालेली असते. फक्त दाखल करतानाची नोंद वाचून कोड लावणारा इथे फसतो. म्हणून आंतररुग्णाचा केसपेपर शेवटापासून वाचायला सुरुवात करा: डिस्चार्ज समरी, मग शेवटच्या काही दिवसांच्या प्रोग्रेस नोट्स, मग प्रोसिजर नोट, मग तपासण्या, आणि शेवटी दाखल करतानाची नोंद. उलट क्रमाने वाचलं की निदान कुठे बदललं ते चटकन दिसतं.

वाचताना दोन प्रश्न मनात ठेवा. पाणी आहे का? आणि कारण कुणी लिहिलंय का? बाकी सगळा तपशील या दोन प्रश्नांच्या उत्तरात बसतो.

इंडेक्समधली वाट

‘प्लुरसी’ या मुख्य शब्दाखाली कंसात शब्दांची मोठी रांग आहे: तीव्र, जुनाट, कोरडी, फायब्रिनस, पडद्यालगतची, दोन्ही बाजूंची, उरलेली, वगैरे. कंसातले हे शब्द असोत वा नसोत, कोड आर०९.१ च राहतो. डॉक्टरांनी ‘अक्यूट ड्राय डायफ्रॅग्मॅटिक प्लुरसी’ असं भारदस्त लिहिलं म्हणून वेगळा कोड शोधत बसायची गरज नाही.

कोड बदलतो तो खालच्या उपशब्दांनी. ‘विथ इफ्यूजन’ (पाण्यासह), ‘एक्झुडेटिव्ह’, ‘सेरोफायब्रिनस’, ‘एन्सिस्टेड’ यातलं काही असेल तर वाट जे९० कडे जाते. ‘प्युरुलंट’, ‘सेप्टिक’, ‘सप्युरेटिव्ह’ असेल तर पायोथोरॅक्सकडे (छातीत पू), म्हणजे जे८६ कडे. ‘हेमरेजिक’ असेल तर हिमोथोरॅक्सकडे (छातीत रक्त), जे९४.२. ‘ट्युबरक्युलस’ असेल तर ए१५.६. ‘ट्रॉमॅटिक’ असेल तर छातीतल्या इजांच्या कोडकडे.

इंडेक्समधून कोड मिळाला की टॅब्युलर यादीत तो पडताळायचाच. इथे तो नियम नुसता पुस्तकी नाही. आर०९.१ खाली ‘एक्सक्लूड्स वन’ची टीप आहे: पाण्यासह प्लुरसी, जे९०. जे९० खाली उलट दिशेने तीच टीप आहे. ‘एक्सक्लूड्स वन’ म्हणजे एकाच वेळी एकाच स्थितीसाठी हे दोन कोड एकत्र लावता येत नाहीत. तरी आर०९.१ आणि जे९० शेजारीशेजारी लावलेले विम्याचे क्लेम दिसतात. एक नोंद प्लुरसी म्हणते, दुसरी इफ्यूजन म्हणते आणि कोडर ‘दोन्ही आहेत ना’ म्हणून दोन्ही लावतो. लावायचा तो फक्त जे९०.

जे९० च्या टिपेत आणखी तीन वाटा वगळल्या आहेत: कायलस (दुधाळ लसिकेच्या) द्रवाला जे९४.०, कर्करोगाच्या द्रवाला जे९१.० आणि क्षयाच्या द्रवाला ए१५.६. त्यामुळे जे९० हा ‘पाणी आहे, पण कशाचं ते इतरत्र बसत नाही’ असा कोड ठरतो.

वेदना आणि प्लुरसी यांत गल्लत नको

‘छातीत श्वास घेताना दुखतं’ असं लिहिलेलं असेल तर आर०७.१. ‘प्लुरोडिनिया’ असेल तर आर०७.८१. ‘एपिडेमिक प्लुरोडिनिया’ किंवा ‘बॉर्नहोम डिसीज’ असेल तर बी३३.०. हा कॉक्सॅकी बी विषाणूंमुळे होणारा स्नायुदुखीचा आजार आहे, त्यात आवरणाची सूज हे मुख्य निदान नसतं. ‘प्लुरिटिक पेन’ हे वेदनेच्या जातीचं वर्णन आहे, निदान नाही. फुप्फुसात गुठळी अडकली, बरगडी मोडली, न्यूमोथोरॅक्स (आवरणात हवा) झाला, तरी वेदना प्लुरिटिकच असते. त्यावरून प्लुरसी झाली असं कोडरने ठरवायचं नाही. इंडेक्समध्ये ‘पेन’ या शब्दाखाली जे सापडतं तेच घ्यायचं.

आणि एकदा प्लुरसीचं निदान ठरलं की श्वासाबरोबरची छातीदुखी वेगळी लावायची नाही. ती त्या आजाराचाच भाग आहे.

‘पीई’ नावाची डोकेदुखी

संक्षेपांचा विषय एरवी कंटाळवाणा असतो, पण या आजारात तो खर्चिक ठरतो. ‘पीई’ म्हणजे प्लुरल इफ्यूजन? पल्मोनरी एम्बोलिझम? की फिजिकल एक्झॅमिनेशन? तिन्ही अर्थ एकाच केसपेपरवर येऊ शकतात आणि छातीदुखीच्या रुग्णात तिन्ही शक्य असतात. ‘पीई रूल्ड आउट’ लिहिलं असेल आणि सीटी अँजिओग्राफी झालेली असेल, तर अंदाज बांधता येतो. पण अंदाजावर कोड लागत नाही. गुठळीचा आय२६ आणि पाण्याचा जे९० यांत गंभीरतेचा फरक मोठा आहे. रुग्णालयात लिखित धोरण असेल तर छातीच्या रुग्णांसाठी ‘पीई’ हा संक्षेप बंदच करावा, असं माझं मत आहे. धोरण नसेल, तर अशा प्रत्येक नोंदीवर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवा. चार क्वेऱ्या गेल्या की डॉक्टर आपणहून पूर्ण शब्द लिहू लागतात.

कारणाप्रमाणे कोड

कारण लिहिलेलं असेल तर प्लुरसी मागे पडते आणि मूळ आजार पुढे येतो. १८ व्या प्रकरणातला लक्षणाचा कोड, त्याच्याशी संबंधित निश्चित निदान झालेलं असताना, मुख्य निदान म्हणून लावायचा नाही, असं मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे.

क्षय हे सगळ्यात जपून हाताळायचं कारण. छातीतल्या पाण्यात लिम्फोसाइट जास्त, एडीए (पाण्यातलं एक एन्झाइम) ४० युनिट प्रति लिटरच्या वर, रुग्ण तरुण, ताप आणि वजनात घट असेल तर कोडरला खात्री वाटते की हा क्षयच. डॉक्टरांनी उपचारही सुरू केलेले असतात. पण एडीए वाढण्याची इतरही कारणं आहेत, आणि त्या आकड्यावरून ए१५.६ लावण्याचा अधिकार कोडरला नाही. डॉक्टरांनी ‘ट्युबरक्युलस प्लुरसी’ किंवा ‘ट्युबरक्युलस प्लुरल इफ्यूजन’ असं लिहायला हवं. मूळ आयसीडी-१० वापरत असाल तर पुढचा प्रश्न येतो: पाण्यात किंवा आवरणाच्या बायॉप्सीत पुष्टी झाली का? क्षयाच्या पाण्यात जंतू थोडेच असतात, त्यामुळे स्मिअर बहुधा निगेटिव्ह येतो. म्हणून ‘एएफबी निगेटिव्ह’ (स्मिअरमध्ये क्षयाचे जंतू दिसले नाहीत) वाचून निदान खोडू नका. त्याच वेळी मूळ आवृत्तीत पुष्टीचा उल्लेख नसताना ए१५.६ ही लावू नका. पू झालेला क्षयी एम्पायमा सीएममध्ये ए१५.६ मध्येच जातो, जे८६ मध्ये नाही. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्या माणसाचं आवरण नुसतं जाड राहिलं असेल, तर चालू क्षयाचा कोड लावायचा नाही. ‘क्षयाचा इतिहास’ आणि ‘क्षयाचे उरलेले परिणाम’ यांसाठी वेगळे कोड आहेत. यातलं नेमकं काय, हे डॉक्टरांनीच सांगायचं.

न्यूमोनियासोबतचं पाणी हा दुसरा मोठा गट. ‘पॅरान्यूमोनिक’ हा शब्द पाण्याचं नातं न्यूमोनियाशी जोडतो, म्हणून तो नोंदीत असणं मोलाचं. न्यूमोनियाचा जंतू कळला असेल तर कोड त्या जंतूचा हवा, मोघम जे१८.९ नको. इथे लक्ष ठेवायचं ते पाण्याचा पू होतो आहे का याकडे. पाण्याचा पीएच ७.२० च्या खाली, ग्लुकोज खूप कमी, कल्चर पॉझिटिव्ह किंवा सरळ पूच निघाला आणि छातीत नळी घातली, तर एम्पायमाचा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हवा. एम्पायमाला जे८६.९, फिस्टुला (अनैसर्गिक मार्ग) असेल तर जे८६.०, आणि जंतूसाठी बी९५ ते बी९७ मधला जोडकोड. इफ्यूजन आणि एम्पायमा यांत रुग्णाच्या आजारपणाचा आणि रुग्णालयातल्या मुक्कामाचा फरक फार मोठा असतो. तो कागदावर दिसला नाही तर नळी का घातली हेच कुणाला कळत नाही.

फ्लूमुळे पाणी झालं असेल तर आधी फ्लूचा कोड, उदाहरणार्थ जे१०.१, आणि मग जे९१.८.

कर्करोगात चूक अशी होते की रुग्णाला कर्करोग आहे आणि छातीत पाणी आहे, एवढ्यावरून जे९१.० लावला जातो. कर्करोगाच्या रुग्णाला न्यूमोनियाने, हृदय कमजोर झाल्याने, अल्ब्युमिन कमी झाल्यानेही पाणी होतं. ‘मॅलिग्नंट’ हा शब्द डॉक्टरांचा हवा. तो असेल तेव्हा आधी कर्करोगाचा कोड आणि मग जे९१.०. हा कोड पहिला येऊच शकत नाही. आवरणातच गाठी पसरल्या असतील तर सी७८.२, आणि आवरणाचा मेसोथेलिओमा असेल तर सी४५.०.

हृदय कमजोर झाल्याने साचलेलं पाणी हा त्या आजाराचाच भाग मानतात. आय५० मधला योग्य कोड लावला की बहुतेक वेळा पुरे. पाण्यासाठी स्वतंत्र तपासणी झाली किंवा ते काढावं लागलं, तर त्याचा वेगळा विचार होतो. आणि तेव्हाही वाट जे९१.८ ची, जे९० ची नाही.

ल्युपस या स्वप्रतिकार आजारात काम सोपं: एम३२.१३ मध्ये ल्युपसमुळे झालेलं आवरणातलं पाणी आलं. ऱ्हुमटॉइड संधिवाताच्या फुप्फुसविकाराला एम०५.१ चा गट. औषधाच्या दुष्परिणामाने झालं असेल तर आधी झालेल्या आजाराचा कोड आणि मग टी३६ ते टी५० मधला, प्रतिकूल परिणाम दाखवणारा ५ अंक असलेला कोड. हायड्रॅलाझिन, प्रोकेनामाइड आणि आयसोनियाझिड यांनी ल्युपससारखा आजार होतो. त्यातली प्लुरसी एम३२.० च्या वाटेने जाते. फुप्फुसातली गुठळी असेल तर आय२६, आणि तिची प्लुरिटिक वेदना वेगळी लावायची नाही.

‘शक्यता’, ‘संशय’ आणि ‘वगळण्यासाठी’

बाह्यरुग्ण विभागात ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ असलेलं निदान कोडमध्ये येत नाही. त्या भेटीत जितकी खात्री होती तितकंच: लक्षण, चिन्ह किंवा असामान्य निष्कर्ष. ‘छातीत श्वासाबरोबर दुखतं, प्लुरसीचा संशय’ असेल तर आर०७.१, आर०९.१ नाही. ‘प्लुरसी, बहुधा क्षयाची’ असेल तर आर०९.१, ए१५.६ नाही.

आंतररुग्णात उलट. डिस्चार्जच्या वेळी निदान ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’ किंवा तत्सम शब्दांत लिहिलेलं असेल, तर ते झालेलंच आहे असं धरून कोड लावतात. कोविड-१९, एचआयव्ही अशा काही आजारांना अपवाद आहे, तिथे पुष्टीच लागते. इथे ‘डिस्चार्जच्या वेळी’ या शब्दांवर जोर द्या. दुसऱ्या दिवसाच्या नोटमध्ये ‘सस्पेक्टेड ट्युबरक्युलस इफ्यूजन’ लिहून पुढे त्याचं नावही काढलेलं नसेल, तर तो संशय टिकला की मिटला हे कळत नाही. मग क्वेरी.

डॉक्टरांनी काय लिहावं

हा भाग डॉक्टरांना दाखवण्यासारखा आहे. अशी नोंद बऱ्याचदा दिसते:

‘छातीत दुखणं, दोन दिवस. उजवीकडे एअर एंट्री कमी. सीएक्सआर: बेसल हेझ. प्लुरसी. एनएसएआयडी, फॉलोअप.’

यात पाणी आहे की नाही, बेसल हेझ म्हणजे न्यूमोनिया की इफ्यूजन, आणि गुठळीचा विचार झाला का, यातलं काहीच कळत नाही. पुढच्या डॉक्टरलाही कळत नाही, आणि ते जास्त महत्त्वाचं. तीच नोंद अशी लिहिता येते:

‘उजव्या बाजूला बोचरी छातीदुखी, दोन दिवस, खोल श्वास आणि खोकल्याने वाढते. ताप ३८.४. उजव्या तळाशी घर्षणध्वनी, हवा कमी. एक्स-रे: उजवा कोन बुजलेला. सोनोग्राफी: उजवीकडे साधारण मध्यम पाणी, पाण्यात पडदे नाहीत. गुठळीची शक्यता कमी, डी-डायमर सामान्य. निदान: उजव्या खालच्या भागाचा न्यूमोनिया, त्यामुळे पॅरान्यूमोनिक इफ्यूजन. योजना: पाण्याचा नमुना, अँटिबायोटिक, ४८ तासांनी पुन्हा सोनोग्राफी.’

दुसरी नोंद लिहायला फार तर दोन मिनिटं जास्त लागतात. तिच्यात सगळ्यात मौल्यवान शब्द ‘त्यामुळे’. न्यूमोनिया आणि पाणी शेजारीशेजारी लिहून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. ‘मुळे’, ‘पश्चात’, ‘निगडित’ असं नातं लिहावं लागतं.

एक्स-रेबद्दल एक लक्षात ठेवा. उभ्याने काढलेल्या समोरच्या एक्स-रेत बरगड्या आणि पडदा यांच्यामधला कोन बुजायला साधारण २०० मिली पाणी लागतं, बाजूच्या एक्स-रेत ५० मिलीच्या आसपासही दिसू शकतं. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे ‘पाणी नाही’ असं होत नाही. सोनोग्राफीत पाणी दिसलं असेल तर ते डॉक्टरांच्या नोंदीत यावं. आंतररुग्णात रेडिओलॉजिस्टच्या अहवालातलं ‘मिनिमल इफ्यूजन’ कोडर स्वतःहून उचलू शकत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याला महत्त्व दिलं, तरच.

पाणी काढलं असेल तर लाइटचे निकष लागतात का ते लिहावं. १९७२ पासून वापरात असलेली ही कसोटी साधी आहे: द्रवातलं आणि रक्तातलं प्रथिन यांचं गुणोत्तर ०.५ च्या वर, एलडीएच या एन्झाइमचं गुणोत्तर ०.६ च्या वर, किंवा द्रवातलं एलडीएच रक्तातल्या सामान्य कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त. यातलं एक जरी जमलं तर एक्झुडेट, म्हणजे सुजेसारख्या कारणाने झिरपलेलं पाणी. आकडे अहवालात असतातच, निष्कर्ष नोंदीत नसतो.

कॉपी-पेस्टचा रोग इथे विशेष दिसतो. चौथ्या दिवशीही ‘नो इफ्यूजन’ लिहिलेलं असतं आणि त्याच पानावर नळीतून ६०० मिली निघाल्याची नोंद असते. असा विरोध दिसला तर कोडरने कुठली ओळ खरी हे ठरवू नये.

क्वेरी कशी लिहावी

क्वेरी म्हणजे प्रश्न, सूचना नाही. ‘कृपया एम्पायमा लिहाल का’ हे चालत नाही. तिच्यात पैशाचा, कोडच्या वजनाचा, क्लेमचा उल्लेखही नसावा. केसपेपरमधले पुरावे तारखेसकट मांडा, पर्याय द्या आणि ‘इतर’ व ‘ठरवता येत नाही’ हे दोन पर्याय ठेवाच. नमुना:

‘तिसऱ्या दिवशीच्या द्रव अहवालात पीएच ७.०८, ग्लुकोज ३२ मिग्रॅ प्रति डेसीलिटर, द्रव गढूळ. त्याच दिवशी उजव्या बाजूला नळी घातली. अँटिबायोटिक बदलल्याची नोंद आहे. डिस्चार्ज समरीत “उजवं प्लुरल इफ्यूजन” असं निदान आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार या द्रवाचं स्वरूप स्पष्ट कराल का: साधं पॅरान्यूमोनिक इफ्यूजन / गुंतागुंतीचं पॅरान्यूमोनिक इफ्यूजन / एम्पायमा / इतर / ठरवता येत नाही.’

डॉक्टरांचं उत्तर केसपेपरचा भाग व्हायला हवं. फोनवरचं ‘हो हो, एम्पायमाच होता’ कामाचं नाही.

दाखल होताना हा आजार होता का, हा प्रश्नही याच क्वेरीत विचारून घ्या. प्लुरसी घेऊन आलेल्या रुग्णाला पाचव्या दिवशी एम्पायमा झाला असेल, तर ‘दाखल होताना उपस्थित’ या चिन्हाचं उत्तर डॉक्टरांच्या मतावर ठरतं. ‘यू’ म्हणजे नोंद अपुरी आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे डॉक्टरांनाही वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही. सोयीचं म्हणून या दोघांची अदलाबदल करू नये.

पाणी काढण्याच्या प्रक्रियेचे कोड

निदानाच्या कोडमध्ये डावी-उजवी बाजू नाही, जे९० दोन्हीकडे एकच. प्रक्रियेत मात्र बाजू लागतेच. सीपीटीमध्ये (अमेरिकेतली वैद्यकीय प्रक्रियांची कोडयादी) सुईने किंवा कॅथेटरने पाणी काढून तो लगेच काढून घेतला तर, इमेजिंगशिवाय ३२५५४ आणि इमेजिंगच्या मार्गदर्शनाने ३२५५५. कॅथेटर आत ठेवला तर अनुक्रमे ३२५५६ आणि ३२५५७. बोगदा करून बसवलेल्या दीर्घकाळच्या कॅथेटरला ३२५५०. छेद घेऊन घातलेल्या नळीला ३२५५१. नळीतून फायब्रिन विरघळवून अडकलेलं पाणी मोकळं करणारं औषध सोडलं तर पहिल्या दिवशी ३२५६१, नंतरच्या दिवशी ३२५६२.

यात नेहमी अडकतं ते ३२५५५ वर. ‘यूएसजी गाइडेड टॅपिंग’ एवढं लिहिणं पुरत नाही. मार्गदर्शनाची प्रतिमा कायमची जतन केलेली असावी आणि तिचा अहवाल असावा. आधी सोनोग्राफीने जागेवर खूण करून नंतर वॉर्डात सुई घातली, तर ते इमेजिंगच्या मार्गदर्शनाने झालेलं नाही. म्हणून नोटमध्ये जागा, बाजू, सुई घालताना प्रतिमा चालू होती का, किती मिली निघालं, रंग, आणि शेवटी कॅथेटर काढला की ठेवला, हे हवंच.

आयसीडी-१०-पीसीएसमध्ये (आंतररुग्णाच्या प्रक्रियांचे सात जागांचे कोड) ‘ड्रेनेज’ हीच मूळ क्रिया. चौथ्या जागी उजव्या पोकळीला ९ आणि डाव्या पोकळीला बी. त्वचेतून केल्यास पाचव्या जागी ३. नळी आत ठेवली तर सहाव्या जागी ०, नाही तर झेड. फक्त निदानासाठी काढलं तर सातव्या जागी एक्स. तपासणीसाठीही आणि आराम पडावा म्हणूनही काढलं असेल, तर नोटमध्ये हेतू लिहिलेला असला की वाद होत नाही.

पाणी काढल्यानंतर न्यूमोथोरॅक्स झाला तर जे९५.८११ कडे हात जातो. थांबा. तो प्रक्रियेचा गुंतागुंतीचा परिणाम आहे असं डॉक्टरांनी म्हटलं आहे का? नुसत्या एक्स-रे अहवालावरून गुंतागुंतीचा कोड लावू नका.

डिस्चार्जनंतर येणारे अहवाल

प्लुरसीत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो, कारण क्षयाच्या कल्चरला कित्येक आठवडे लागतात आणि सायटॉलॉजी किंवा बायॉप्सीही रुग्ण घरी गेल्यावर येते. बाह्यरुग्णात, कोडिंग करताना पॅथॉलॉजिस्टने अर्थ लावलेला अंतिम अहवाल हाती असेल, तर त्यातलं पुष्टी झालेलं निदान घेता येतं, पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरच असतो. आंतररुग्णात तसं करता येत नाही. तिथे अहवाल आल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी डिस्चार्ज समरीला जोड नोंद द्यावी लागते, तारखेसह आणि सहीसह, आणि त्यानंतरच आर०९.१ किंवा जे९० बदलून ए१५.६ किंवा कर्करोगाचे कोड लावता येतात. त्यासाठी कोडिंग विभागाने प्रलंबित अहवालांची यादी ठेवावी आणि ज्या केसपेपरवर ‘कल्चर अवेटेड’ किंवा ‘सायटॉलॉजी अवेटेड’ लिहिलंय ते आपोआप त्या यादीत जावेत. दर आठवड्याला यादी पाहून आलेला अहवाल त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला, तर जोड नोंद मिळते. महिन्याने विचारलं तर तो रुग्ण कोण हेच डॉक्टरांना आठवत नसतं.